मेत्सोवो (ग्रीस): डोंगरातलं हे गाव ओस का पडलं नाही?

घाटवळण

मेटेओरावर इथे आधीच दोन-तीन धागे आहेत त्यामुळे मठ, खडक, सूर्यास्त वगैरे काही लिहीत नाही. पण मेटेओराच्या पायथ्याच्या कालाबाकाहून गाडी तशीच पश्चिमेला हाणली की तास-सव्वातासात पिंडस डोंगरात मेत्सोवो लागतं आणि तिथे आपले लोक सहसा वळत नाहीत. आम्ही वळलो, आणि परत आल्यापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय तो इथे टाकतेय, जाणकारांनी भर घाला.

गाव साधारण ११६० मीटरवर, दरीच्या उतारावर घरांवर घरं, दगडी भिंती, कौलं, लाकडी सज्जे. मधे मोठा चौक, चौकात चिनाराची झाडं, बाकावर आजोबा मंडळी बसलेली, काहींच्या हातात खरोखरची मेंढपाळाची काठी. एपिरस प्रांतात योआनिना जिल्ह्यात येतं. समोरच्या उतारावर अनिलिओ नावाचं दुसरं गाव, मेत्सोवो उन्हाच्या बाजूला आणि ते सावलीच्या बाजूला. २०११ च्या जनगणनेत मेत्सोवोत २,५०३ माणसं आणि आजूबाजूची गावं धरून अख्ख्या नगरपालिकेत ६,१९६, आणि क्षेत्रफळ किती तर ३६३ चौरस किमी!

आता अडीच हजार म्हणजे आपल्याकडे एका सोसायटीत राहतात असं कोणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगते. आम्ही त्याच ट्रिपमध्ये पिंडसमधली अजून काही गावं पाहिली, सुंदर दगडी घरं, पण निम्म्यांना कुलपं, ऑगस्टमध्ये अथेन्सहून किंवा जर्मनीहून मालक येतात, बाकी वर्ष मांजरं. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच यादवी युद्ध झालं १९४९ पर्यंत, ते याच डोंगरांत लढलं गेलं, आणि मग १९५०-६० च्या दशकांत लोक शहरात नाहीतर जर्मनी-ऑस्ट्रेलियाला गेले ते गेलेच. मेत्सोवोत मात्र शाळा सुटल्यावर पोरांचा कलकलाट, बेकरीत रांग, सुतारकामाची दुकानं चालू. तर हेच एक गाव कसं काय तगलं?

माझं उत्तर थोडक्यात असं की परदेशी गेलेल्यांचा पैसा गावात नुसता दान म्हणून आला नाही, धंदा म्हणून आला. मिखाइल तोसित्सा नावाचे एक बॅरन, घराणं मूळ मेत्सोवोचं पण स्वतः राहायचे स्वित्झर्लंडला लोझानमध्ये, मूलबाळ नाही. त्यांना इव्हांगेलोस अवेरॉफ या मेत्सोवोच्याच तरुण राजकारण्याने पत्रं लिहून लिहून गळ घातली आणि १९४७ मध्ये तोसित्सा फाउंडेशन सुरू झालं. यादवी चालू असताना, विचार करा! बॅरन १९५० मध्ये वारले पण फाउंडेशनने चीझचा कारखाना काढला, त्यासाठी गावातली पोरं इटलीला पाठवून शिकवून आणली, तोसित्सांचा पडका वाडा पुन्हा उभारून म्युझियम केलं, शिष्यवृत्त्या दिल्या. अवेरॉफने स्वतः हजारेक मीटर उंचीवर उतारावर काबर्ने सोविन्योंची द्राक्षं लावली आणि त्यातून पुढे कातोगी अवेरॉफ ही वायनरी झाली. म्हणजे शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातल्या पोराला गावातच पगार. मला तरी यातच सगळं आलं असं वाटतं.


चहाबाज

मस्त. फोटो कुठायत? आणि वायनरीत टेस्टिंग आहे का, एवढंच विचारतो आणि बसतो.


घाटवळण

@चहाबाज फोटो वेगळ्या धाग्यात टाकते, इथे साईझची बोंब आहे. टेस्टिंग आहे, तळघरातली पिंपं बघायची टूरही आहे. नवरा चालवत होता म्हणून त्याने फक्त वास घेतला :)


निरुद्योगी_नाना

लेख छान पण उत्तर फारच गोग्गोड. ते अवेरॉफ साहेब साधेसुधे समाजसेवक नव्हते हो. १९५६ ते ६३ ग्रीसचे परराष्ट्रमंत्री, सायप्रसचा सगळा करार त्यांच्या काळातला. मग लष्करी राजवट पडल्यावर १९७४ ते ८१ संरक्षणमंत्री. त्यानंतर न्यू डेमोक्रसी पक्षाचे अध्यक्ष. मंत्र्याचं गाव म्हटल्यावर डांबर कुठे पडतं हे आपल्याला काय कोणी सांगायला पाहिजे का? शेजारच्या दहा गावांत मंत्री जन्मला नाही म्हणून ती ओस पडली. ट्रस्ट-बिस्ट सगळं ठीक आहे.


घाटवळण

@नाना, मंत्री तर बऱ्याच गावांत जन्मतात, रस्ता होतो, पुतळा होतो, साहेब गेले की संपलं. हे १९९० मध्ये गेले. त्यानंतर आता पस्तीस वर्षं होतील, चीझ अजून विकलं जातंय आणि चित्रसंग्रहालय अजून चालू आहे. त्या संग्रहालयाबद्दल राहिलंच की, १९८८ मध्ये उघडलं, एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या ग्रीक चित्रकारांचं कलेक्शन आहे, गिझिस, वोलानाकिस, आणि निकिफोरोस लित्रासचं ते ग्रीक स्वातंत्र्ययुद्धातल्या कानारिसने तुर्की जहाज पेटवल्याचं चित्र. असलं चित्र राजधानीच्या नॅशनल गॅलरीत असेल असं वाटतं आणि ते इथे डोंगरात अडीच हजारांच्या गावात. मी जवळजवळ धक्का बसल्यासारखी उभी होते.


सलोनिकावासी

मी थेसालोनिकीत राहतो, नोकरीच्या निमित्ताने इकडे आलो आणि अडकलो. आमचं ऑफिस हिवाळ्यात वीकेंडला मेत्सोवोला पळतं त्यामुळे गाव बऱ्यापैकी ओळखीचं आहे. ताई आणि नाना दोघंही गोष्ट १९४७ पासून सुरू करताय, ती त्याच्या तीनशे वर्षं आधीपासून आहे.

पहिली गोष्ट, ही वस्ती व्लाख लोकांची. त्यांची भाषा लॅटिन कुळातली, रोमानियनच्या जवळची, ग्रीकशी संबंध नाही. त्या भाषेत गावाचं नाव अमिन्चू. शाळेत शिकवत नाहीत त्यामुळे पन्नाशीच्या पुढचे लोक घरात बोलतात आणि पोरांना समजते पण उत्तर ग्रीकमध्ये देतात. (आणि हो, कौतुकाने सुद्धा "म्हणजे तुम्ही रोमानियन का?" असं विचारू नका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रोमानियाने व्लाख गावांत शाळा काढून त्यांना आपलंसं करायचा प्रयत्न केला होता, १९४१ नंतर इटालियन सैन्याच्या काळातही असला उद्योग झाला, लोकांना तो विषय नको असतो. स्वतःला ते पक्के ग्रीक मानतात.)

दुसरी गोष्ट खिंड. मेत्सोवोच्या वरची कातारा खिंड जवळपास १७०० मीटरवर आहे. एपिरसमधून पूर्वेला थेसलीच्या मैदानात जायचं तर याच भागातून जायला लागायचं, वर्षानुवर्षं, दुसरा धड रस्ता नाही. ऑटोमन सरकारला ही वाट उघडी आणि सुरक्षित हवी होती म्हणून १६५९ मध्ये मेत्सोवोला खास सवलती मिळाल्या, कर ठरावीक, कारभार बराचसा आपला आपण. एका वजिराला गावातल्या फ्लोकास नावाच्या माणसाने वाईट काळात आसरा दिला आणि त्याने नंतर उपकार फेडले अशी दंतकथा सांगतात, चीझबरोबर ऐकायला छान लागते. पण खरं कारण खिंड. घाटाची राखण करा, बर्फात वाट दाखवा, बदल्यात सूट घ्या.

त्यामुळे इथले लोक नुसते मेंढपाळ राहिले नाहीत. मेंढ्यांची लोकर, लोकरीचे खेचरांवरून तांडे, तांड्यातून व्यापार, व्यापारातून व्हिएन्ना, त्रिएस्त, इस्तंबूल, अलेक्झांड्रिया. ते श्रीमंत तोसित्सा आणि अवेरॉफ याच साखळीतून आलेत. मिखाइल तोसित्सा (हे जुने, १८५६ मध्ये वारले, बॅरन नव्हेत) इजिप्तमध्ये तिथला शासक मोहम्मद अली याच्या जवळचे आणि तिथले पहिले ग्रीक कॉन्सुल. म्हणजे नानांचा मंत्री नसता तरी पैसा होताच.


शेवंती७

वाचतेय, खूपच इंटरेस्टिंग. @सलोनिकावासी दादा, हे मेंढ्या घेऊन फिरणं म्हणजे आपले धनगर पावसाळा संपला की वाडा घेऊन कोकणात उतरतात तसंच का?


सलोनिकावासी

@शेवंती७ हो बऱ्यापैकी, उन्हाळा डोंगरावर, हिवाळा खाली थेसलीच्या मैदानात, अख्खं कुटुंब आणि खेचरं बरोबर. फरक हा की इकडे मेत्सोवोसारखं दगडी घरांचं पक्कं गाव डोंगरावरच होतं आणि मैदानात ते कुरणं भाड्याने घेऊन राहायचे.

आणि यात एक मोठी मेख बसली. १८८१ मध्ये थेसली ग्रीसला मिळाली पण मेत्सोवो ऑटोमनांकडेच राहिलं, १९१२ पर्यंत. म्हणजे उन्हाळ्याचं कुरण एका देशात आणि हिवाळ्याचं दुसऱ्या देशात, मधे सरहद्द, चौकी, जकात. कळपवाल्यांचे काय हाल झाले असतील. तेव्हापासून मेंढ्यांचा धंदा उतरणीला लागला. आज हे कळप नेणं युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे (२०१९, ग्रीस-इटली-ऑस्ट्रिया तिघांनी मिळून), प्रत्यक्षात बहुतेक जनावरं ट्रकमध्ये घालून नेतात.


गोदीवाला

अवेरॉफ नाव वाचलं आणि उडालोच! अहो हे नाव मुंबई बंदराशी जोडलेलं आहे, कोणी लिहिलंच नाही अजून?

ग्रीक नौदलाची क्रूझर "गेओर्गिओस अवेरॉफ". इटलीत लिव्होर्नोला बांधली, १९१० मध्ये पाण्यात उतरली. किमतीचा साधारण तिसरा हिस्सा मेत्सोवोच्याच गेओर्गिओस अवेरॉफ या व्यापाऱ्याच्या (मंत्री इव्हांगेलोस नव्हेत) मृत्युपत्रातून आला म्हणून हे नाव. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धात एली आणि लेम्नोसच्या लढाईत हिने ऑटोमन आरमाराला दार्दानेल्समध्येच कोंडून ठेवलं. पुढे १९४१ मध्ये जर्मन आले तेव्हा वरून हुकूम आला की जहाज बुडवून टाका, तर खलाशांनी ऐकलं नाही, तसेच निघाले आणि अलेक्झांड्रियाला पोचले. तिथून ब्रिटिशांनी हिला हिंदी महासागरात काफिल्यांच्या राखणीला धाडलं आणि मुक्काम कुठे तर मुंबई! १९४१ च्या उत्तरार्धापासून १९४२ संपत येईपर्यंत. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये निर्वासित ग्रीक सरकारला घेऊन परत मायदेशी. आता अथेन्सजवळ फालिरोला तरंगतं म्युझियम आहे, मी बघून आलोय, इंजिनरूम चुकवू नका.

तर डोंगरातल्या मेंढपाळांच्या गावातल्या माणसाच्या नावावर एक आर्मर्ड क्रूझर, आणि ती आपल्या बॅलार्ड पिअरच्या पाण्यात. मला तर हा धागा इथेच वसूल.


घाटवळण

@गोदीवाला काय माहिती दिलीत!! हे खरंच माहीत नव्हतं. या गेओर्गिओसचा अर्धपुतळा गावात आहे, आणि मोठा पुतळा अथेन्सला संगमरवरी स्टेडियमबाहेर. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकसाठी ते स्टेडियम पेंटेलीच्या संगमरवरात पुन्हा उभं केलं त्याचा खर्च यांनी दिला. इजिप्तमध्ये कापसाच्या व्यापारात कमावले, १८९९ मध्ये अलेक्झांड्रियातच वारले.


हिशोबनीस

यात मला एक गंमत दिसते, जुन्या लोकांचा पैसा गेला कुठे? स्टेडियम अथेन्सला. युद्धनौका समुद्रात. पॉलिटेक्निक अथेन्सला (त्याचं अधिकृत नावच "मेत्सोवियो" पॉलिटेक्निक आहे कारण देणगीदार स्तूर्नारास, तोसित्सा नवराबायको आणि अवेरॉफ सगळे मेत्सोवोचे. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये लष्करशहांविरुद्ध विद्यार्थ्यांचा उठाव झाला तेच हे). म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या दानशूरांनी राष्ट्र बांधलं, गावाला शाळा-चर्च-कारंजी मिळाली पण रोजगार शून्य. लोक जातच राहिले. १९४७ वाल्यांनी पहिल्यांदा पैसा गावात अडवला. तेव्हा घाटवळणताईंच्या मुद्द्याला माझं अनुमोदन, पण त्यांनी हा फरक ठळक करायला हवा होता. दान आणि भांडवल.


निरुद्योगी_नाना

अनुमोदन कसलं. चीझचा कारखाना चालायला गिऱ्हाईक लागतं, गिऱ्हाईक यायला रस्ता लागतो आणि रस्ता सरकार देतं. फिरून गाडी तिथेच.


खमंग_काकडी

चीझवर कोणी नीट लिहिणार आहे का? मंत्री, रस्ता, युद्धनौका झालं सगळं.


घाटवळण

@खमंग_काकडी लिहिते लिहिते.

चीझचं नावच "मेत्सोवोने". गायीचं दूध, कधी त्यात थोडं मेंढी-शेळीचं. फाडलेल्या दुधाचा गोळा गरम पाण्यात मळून ताणतात, इटलीच्या प्रोव्होलोनेच्या जातीचं, मग लांब दंडगोल करून दोरीने बांधून टांगतात, काही महिने मुरवतात आणि धुरी देतात. बाहेरून मेणाचा थर, आतून पिवळसर, चव खारट-धुरकट. गावातल्या प्रत्येक दुकानाच्या दारात टांगलेलं असतं. १९९६ पासून युरोपचं पीडीओ आहे, म्हणजे हे नाव दुसरीकडे बनवून वापरता येत नाही. जाड चकती तव्यावर भाजून लिंबू पिळून देतात ते नक्की खा, बाहेरून कुरकुरीत आणि आत सुटलेलं, अगदी वाईट सवय लागते.

म्हणजे बघा हां, हे चीझ परंपरागत नाहीच मुळी! मेंढपाळांचं जुनं चीझ वेगळंच असायचं. हे इटलीत शिकून आलेल्या पोरांनी इथल्या दुधावर बसवलेलं आणि आज गावाची ओळख झालंय. जेमतेम पाऊणशे वर्षांची परंपरा.

शाकाहारी लोकांसाठी: पिटा हा इथला जीव की प्राण. कांद्याच्या पातीसारख्या लीकची, पालेभाज्यांची, चीझची. मक्याच्या पिठाची एक असते पालेभाजी घालून, पापुद्र्यांशिवाय, ती मला सगळ्यात आवडली. बाकी चौकात सळईवर मांस फिरत असतं, त्याचा वास सगळीकडे, त्याला इलाज नाही. कट्टर शाकाहारींनी चीझचं रेनेट (दूध फाडायला घालतात ते) विचारून घ्या, ग्रीसमधलं पारंपरिक चीझ बऱ्याचदा प्राणिज रेनेटचं असतं.


चहाबाज

दोरीने टांगलेलं चीझ बॅगेत टाकून आणलं तर चालतं का? भारतात कस्टम?


सलोनिकावासी

@चहाबाज युरोपात फिरताना काही प्रश्न नाही, भारतात न्यायचे नियम तुम्ही निघताना बघा. व्हॅक्युम पॅक करून देतात.

आता रस्त्याचं. नाना रस्ता रस्ता करताहेत म्हणून हे सविस्तर. एग्नातिया ओदोस हा ६७० किमीचा मोटरवे, पश्चिमेला इगुमेनित्सा बंदरापासून तुर्कस्तानच्या सीमेपर्यंत. पूर्ण झाला २००९ मध्ये आणि सगळ्यात अवघड तुकडा हाच, मेत्सोवोच्या आसपासचा. डोंगर ठिसूळ, दऱ्या खोल. मेत्सोवोखालच्या मेत्सोवितिकोस नदीवरचा पूल ५३७ मीटर लांब आणि त्याचा मधला गाळा २३५ मीटरचा, खालून बघितलं तर टोपी पडते. बोगदे तर मोजायचेच नाहीत, योआनिनाच्या बाजूचा द्रिस्कोस साडेचार किमीच्या वर आहे. शिवाय पुढे ग्रेवेनाच्या बाजूला तपकिरी अस्वलांचा प्रदेश, पर्यावरणवाले कोर्टात गेले, त्यातून आखणी बदलली, बोगदे-पूल वाढले.

आता मजा अशी, की नानांच्या म्हणण्याप्रमाणे रस्त्याने गाव जगलं पाहिजे. पण पूर्वीचा रस्ता गावाच्या डोक्यावरून कातारा खिंडीतून जायचा, बर्फात अडकलेला प्रत्येक ट्रकवाला, प्रत्येक बस मेत्सोवोत थांबायची, खायची, झोपायची. मोटरवे डोंगराच्या पोटातून गेला. आता थेसालोनिकी ते योआनिना जाणाऱ्याला मेत्सोवो म्हणजे दोन बोगद्यांमधली एक पाटी. खिंडीवर जगलेल्या गावाची खिंडच काढून घेतली की राव. जुन्या काताराच्या रस्त्यावरचा बर्फही हिवाळ्यात आता कोणी काढत नाही.

उलट बाजू पण आहे. योआनिना पाऊण तासावर आलं. हॉस्पिटल तिथे, युनिव्हर्सिटी तिथे, नोकरी तिथे. गावात राहून रोज जाऊन-येऊन करणारे आहेत. आणि आमच्यासारखे वीकेंडवाले थेसालोनिकीहून अडीच तासांत हजर. तेव्हा रस्त्याने घेतलं आणि रस्त्यानेच दिलं, पण वेगवेगळ्या लोकांना. खानावळवाल्याचं गेलं, हॉटेलवाल्याचं आलं.


बाभूळबन

मी पंचायत राजवर थोडंफार काम केलंय म्हणून वेगळा प्रश्न. सगळे गावाबद्दल बोलताय, नगरपालिकेबद्दल कोणीच नाही. ६,१९६ मधून २,५०३ वजा केले तर साडेतीन-पावणेचार हजार लोक ३६३ चौ. किमीमध्ये विखुरलेले. ते कसे जगतात? त्यांना तोसित्सा फाउंडेशन आहे का?


सलोनिकावासी

@बाभूळबन बरोबर जागी बोट ठेवलंत.

२०११ पासून कालिक्रातिस कायद्याने ग्रीसमध्ये नगरपालिकांची संख्या हजारावरून ३२५ वर आणली. कर्जाच्या संकटाचा काळ, खर्च कमी करा. त्यात मेत्सोवो, एग्नातिया आणि मिलेआ असे तीन घटक मिळून आजची मेत्सोवो नगरपालिका झाली, मुख्यालय अर्थात मेत्सोवोत. तुमच्याकडच्या हिशोबाने एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीएवढे लोक आणि एखाद्या छोट्या तालुक्याएवढा डोंगर. खालच्या अंगाला ख्रिसोवित्सा, मेगालो पेरिस्तेरी वगैरे गावं, वोतोनोसी, अँथोखोरी, वर मिलिआ, समोर अनिलिओ. यातली कित्येक गावं तुमच्या ताईंनी लिहिलंय तशीच, हिवाळ्यात धूर निघणारी चिमणी शोधायला लागते.

आणि यांच्याकडे काही नाही असं नाही. पाणी आहे! पिंडसच्या या कोपऱ्यातून आओस, अराख्थोस, अखेलोओस, पिनिओस अशा मोठ्या नद्या वेगवेगळ्या दिशांना निघतात, आलिआक्मोनच्या उपनद्या सुद्धा. आओसच्या उगमाजवळ १३०० मीटरच्या वर धरण बांधून तलाव केलाय, ते पाणी त्याच्या मूळ खोऱ्यात न सोडता बोगद्याने अराख्थोसच्या खोऱ्यात पाडतात आणि त्यावर २१० मेगावॅटचं वीजकेंद्र चालतं, १९९० च्या सुमाराचं. आओसच्या खालच्या लोकांची पाणी पळवल्याची तक्रार आहेच. तलाव दिसायला अप्रतिम, काठावर घोडे आणि गायी मोकळ्या चरतात, फिरायला लोक येतात. पण वीजकेंद्र चालवायला किती माणसं लागतात? मूठभर.

मिलिआच्या वरती वालिआ काल्दा, १९६६ पासून नॅशनल पार्क, काळे पाइन, अस्वलं. लाकूड तोडणं हाच तिथल्या लोकांचा जुना धंदा, आता त्यावर बंधनं. अनिलिओच्या वर स्की सेंटर झालं, चार महिने थोडी वर्दळ. अँथोखोरीत जुन्या पाणचक्क्या नीट करून ठेवल्यात, शाळेच्या सहली येतात. पण चीझ, वायनरी, म्युझियम, गॅलरी, हॉटेलं सगळी मेत्सोवोतच. एका कुटुंबाची माया एका गावावर. ते स्वाभाविकच, मी दोष देत नाही, पण नगरपालिका म्हणून बघितलं तर एक गाव उजेडात आणि बाकीची अनिलिओ.


हिशोबनीस

शेवटचं वाक्य भारी.

पण मग प्रश्न फिरतो. मेत्सोवोने आजूबाजूची गावं ओढून घेतली का? पोरीबाळी लग्न करून तिकडे, दुकान टाकायचं तर तिकडे, शाळा तिकडे. केंद्र तगतं ते कडेला खाऊन. हे आपल्याकडेही तालुक्याच्या गावांचं होतं.


घाटवळण

@हिशोबनीस तसं असेल असं मला वाटत नाही, मेत्सोवो नसतं तर ती पोरं योआनिनाला किंवा अथेन्सला गेली असती, निदान डोंगरात तरी राहिली. आम्ही राहिलो त्या छोट्या हॉटेलच्या मालकीणबाई समोरच्या अनिलिओच्या, लग्न करून इकडे आलेल्या, चीझ घ्यायला मात्र माहेरी जातात म्हणाल्या, तिथे भावाच्या मेंढ्या आहेत आणि "ते विकायचं चीझ, हे खायचं". नवऱ्यासमोर म्हणाल्या, तो हसत होता.


निरुद्योगी_नाना

म्हणजे फाउंडेशनवाल्या गावातली बाई चीझ बाहेरून आणते. ठेवा लिहून.


शेवंती७

नाना :D :D


सातवा_मजला

पॉलिटेक्निकचा उल्लेख वर आलाय म्हणून. आमचा एक ओळखीचा आर्किटेक्ट तिथे शिकला, त्याच्याकडून कळलं की अथेन्सच्या या पॉलिटेक्निकचं डोंगरी भागांच्या विकासावरचं संशोधन केंद्र मेत्सोवोतच आहे आणि तिथे त्या विषयाचा मास्टर्स कोर्सही चालवलाय. परिषदा भरतात, देशभरातले प्राध्यापक येतात. हिशोबनीस म्हणतात दानाचा पैसा अथेन्सला गेला, तर दीडशे वर्षांनी त्यातला थोडा व्याजासकट परत आला म्हणायचं. पण त्याच्या मते तिथे येणारे विद्यार्थी आपला प्रबंध डोंगरी गावं कशी टिकवावीत यावर लिहितात आणि मग अथेन्समध्ये नोकरी धरतात, तो स्वतः धरून.


बाभूळबन

नगरपालिकेच्या पैशाचं कोणाला माहीत आहे का, वीजकेंद्रातून स्थानिकांना काही हिस्सा मिळतो का? महाराष्ट्रात धरणग्रस्तांच्या बाबतीत हा प्रश्न कायमचा आहे म्हणून विचारतोय. आणि @सलोनिकावासी ती उन्हाळ्यातली जत्रा असते ना चौकात?


सलोनिकावासी

@बाभूळबन हिश्शाचं इथल्या एका वकील मित्राला विचारतो, अंदाजाने लिहीत नाही.

जत्रा २६ जुलै, आगिया पारास्केवी, चौकाजवळचं मुख्य चर्च तिचंच. बायका जुना व्लाख पोषाख घालतात, जाड लोकरीचा, जुलैच्या उन्हात! चौकात गोल धरून नाच, क्लॅरिनेट. परदेशी गेलेले सगळे त्या आठवड्यात गावात असतात त्यामुळे हॉटेल मिळणार नाही, आधी बघा. गर्दी नको असेल तर ऑक्टोबर सगळ्यात चांगला, रानात रंग असतात आणि वायनरीत काम चालू असतं.


फिरस्ती_मावशी

आम्ही दोघं, वय साठीच्या पुढे, मेटेओरा करून योआनिनाला जाणार आहोत ऑक्टोबरमध्ये. मेत्सोवोला एक रात्र थांबावं का? गाडी भाड्याने घेतोय, घाटात चालवायची भीती वाटते. गुडघे माझे यथातथाच.


घाटवळण

@फिरस्ती_मावशी थांबाच मावशी. कालाबाकाहून काताराच्या जुन्या रस्त्याने जाऊ नका, गुगल कधी कधी तोच दाखवतं कारण अंतर कमी, पण वळणं भयंकर, काही ठिकाणी रस्ता खचलेला, दुरुस्ती नाही. उत्तरेला पानागिया जंक्शनपर्यंत जाऊन एग्नातिया पकडा, टोल पडतो पण सरळसोट बोगद्यांतून जाता. जंक्शनवरून गावापर्यंत थोडाच घाट आहे.

गावात मात्र चढउतार खूप आणि रस्ते दगडी, पावसात निसरडे. हॉटेल चौकाच्या जवळच आणि चौकाच्याच पातळीवरचं घ्या, बुकिंग करताना सरळ विचारा की पायऱ्या किती. म्युझियम आणि गॅलरी चौकापासून जवळ आहेत. म्युझियममध्ये ठरावीक वेळेला गटाने आत सोडतात आणि एक वार बंद असतं, हॉटेलवाल्यांना विचारून जा. सेंट निकोलसचा जुना मठ खाली दरीत आहे, उतरताना छान वाटतं, चढताना गुडघे बोलतील, तिथे टॅक्सीने जा.


सलोनिकावासी

@मावशी आणि जमलं तर संध्याकाळी गाडी घेऊन पलीकडे अनिलिओला जा कॉफीला, दहा-पंधरा मिनिटं लागतात. मेत्सोवो अख्खं तिथूनच दिसतं, मेत्सोवोतून नाही. गरम कपडे ठेवा, ऑक्टोबरमध्ये रात्री पाच-सहा डिग्री सहज होतं.


फिरस्ती_मावशी

दोघांचेही आभार. ह्यांना पायऱ्यांचं विचारायला सांगितलंय. माहेरचं चीझ अनिलिओत कोणत्या दुकानात मिळेल?


घाटवळण

दुकान नाहीये मावशी, भावाचं घर आहे :) हॉटेलचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, मालकीणबाईंनाच विचारा, त्या देतील फोन करून.


निरुद्योगी_नाना

मलाही व्यनि करा.